अस्वलाच्या तासातलं मत

१

पिठाच्या पेटीचं कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली एनॉक बार्बीच्या कमरेला होती, तीही जागच्या जागी. त्यानं कुलूप काढलं, झाकण उचललं, आणि अख्खं झाकणच त्याच्या हातात आलं. मागच्या दोन्ही कातडी बिजागऱ्या कुणीतरी कापल्या होत्या. पेटीत मूठभर कोंडा होता. मतांची वही नव्हती.

गिरणीच्या दाराबाहेर सव्वाशे माणसं ताटकळत उभी होती. पिजन लिकची ही जुनी रीत. सोमवार ते बुधवार मतदान चालायचं, आणि गुरुवारी सकाळी वही काउंटीच्या गावाला रवाना होण्याआधी पंचानं दारात उभं राहून ती मोठ्यानं वाचायची. अमक्यानं तमक्याला मत दिलं, नावानिशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तसं पाहिलं तर मत तोंडीच द्यायचं, उमेदवाराच्या समोर, चारचौघांत. मग पुन्हा वाचायचं ते काय? पण केंटकीच्या या कोपऱ्यात करमणूक ती केवढी, आणि आपलं नाव मोठ्यानं ऐकायला कुणाला आवडत नाही?

"स्क्वायर, अहो वाचा की! गाई हंबरून मेल्या असतील घरी!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. न्यायपंचाला इथं सगळे स्क्वायरच म्हणायचे.

एनॉक त्या कोंड्याकडे बघत राहिला. वय एकसष्ट, अंगात कालचा हिवताप अजून मुरलेला. पंचवीस वर्षांपूर्वी ही त्रेचाळीस घरं कॅरोलिनाहून इथं आणली ती त्यानंच. 'जंगल तोडा, मका पेरा, कसेल त्याची जमीन,' असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याआधी ती ज्यांची होती त्या शॉनी लोकांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि ते पाप आपल्याही माथी आहे हे त्याला ठाऊक होतं. पुढे व्हर्जिनियातल्या एका जमीन कंपनीनं याच जमिनीचा त्याहून जुना सरकारी कागद बाहेर काढला. कसणाऱ्याला हुसकावता येणार नाही असा कायदा राज्याच्या विधानसभेनं केला, म्हणून ही घरं तगली. आता कंपनीला तो कायदा मोडायचा होता. विधानसभेत दोन्ही बाजू बरोबरीत होत्या, आणि सगळं घोडं या एका जागेवर अडलं होतं.

एका बाजूला कंपनीचा वकील ऑगस्टस पेल्हॅम, दुसऱ्या बाजूला पिजन लिकचा जेरेड हॉकर. काउंटीच्या गावातले मतदार पहिल्याच दिवशी संपले होते, आणि तिथे पेल्हॅम एका मतानं पुढे होता. पिजन लिकमध्ये ओढ्याच्या खालच्या अंगाला कंपनीची कुळं होती, ती सगळी पेल्हॅमची. तरी बुधवारी सूर्य मावळताना एनॉकनं दारातून आकडा पुकारला तो असा: हॉकर अठ्ठ्याऐंशी, पेल्हॅम शहाऐंशी. इथं दोन मतांनी, म्हणजे सगळं धरून एका मतानं, त्रेचाळीस घरं वाचली होती.

आता वही नाही. वही नाही म्हणजे पिजन लिकची मतं नाहीत, म्हणजे पेल्हॅम निवडून आला. हिशेब इतका सरळ होता की तो बाहेर पोचायला घोटभर पाणी प्यायचाही वेळ लागला नाही.

"क्रूला धरा!"

सायलस क्रू म्हणजे पेल्हॅमचा कारभारी. रात्री पेटीवर पहारा दोघांचा होता, दोन्ही बाजूंचा एकेक. पेल्हॅमचा क्रू आणि हॉकरच्या बाजूनं त्याचा मेहुणा, अब्नेर रडल. लोकांनी क्रूला दारातून ओढला, आणि एनॉक मध्ये पडेपर्यंत त्याचा एक दात जमिनीवर पडला होता.

तेवढ्यात पेल्हॅम आला. पांढरा सदरा, हातात टोपी, आवाज लोण्यासारखा.

"सभ्य गृहस्थहो, माझ्या माणसाला मारून वही येणार नाही. पण कायद्यात सोय आहे. वही हरवली तर पंचांनी मतदारांकडून शपथेवर मतं पुन्हा लिहून घ्यावीत. ज्याचं मत त्यानं, स्वतःच्या तोंडानं. शनिवारी दुपारी इथंच, सगळ्यांसमोर."

लोकांच्या जिवात जीव आला.

"फक्त एक," पेल्हॅमनं खिशातून एक चिठ्ठी काढली. आकडा पुकारल्यावर तिच्यावर त्यानं आणि एनॉकनं दोघांनी सह्या केल्या होत्या. "पुकारलेल्या आकड्याशी ती तंतोतंत जुळली पाहिजेत. अठ्ठ्याऐंशी आणि शहाऐंशी. एक जरी इकडचं तिकडं झालं, तरी पिजन लिकची सगळी मतं बाद."

एनॉक त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. ज्याचा वही हरवण्यात फायदा, तोच आपल्या हातानं उपाय सांगत होता.

२

वही न्यायला आलेल्या शेरीफच्या डेप्युटीबरोबर परत निघालेल्या, मतं लिहिणाऱ्या लेखनिकाला एनॉकनं घोड्याचा लगाम धरून थांबवलं. हा काउंटीच्या गावाहून भाड्यानं आणलेला. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड, आणि स्वभाव किरकिरा.

"कुणी वहीभोवती घोटाळताना दिसलं का?"

"स्क्वायर, मला वीतभरापलीकडे काही दिसत नाही. मी कागद बघतो, तोंडं बघत नाही. अब्नेर, एब्नर, अबायजा, सगळी नावं सारखीच तुमची! आणि तो गोंगाट! तीन दिवसांत निवांतपणा मिळाला तो फक्त काल, तुमचं ते अस्वल निघालं तेव्हा."

बुधवारी दुपारी मक्यात अस्वल शिरलं होतं. कुत्र्यांनी ते झाडावर चढवलं, आणि मतदान सोडून सगळा गाव तिकडे पळाला. उमेदवार हॉकरसुद्धा. मतं काय, उद्याही मिळतील, अस्वल कुठलं मिळायला! एनॉक तापानं घरी पडला होता. दुसरा पंच, म्हातारा मून, हॉकरच्या पिंपातली व्हिस्की पिऊन खुर्चीतच घोरत होता.

"त्या वेळात कुणीच आलं नाही?"

"एक जण आला. नाव सांगितलं, मत सांगितलं, आभारबिभार झाले, गेला. सगळे असेच आले असते तर माझं डोकं नसतं दुखलं." त्यानं घोड्याला टाच मारली.

क्रूला कोठारात कोंडला होता. ओठ सुजला होता, तरी जीभ शाबूत होती.

"मी चोर असेन, स्क्वायर, पण मूर्ख नाही. आज तो डेप्युटी वही घेऊन तीस मैल जंगलातून एकटा जाणार होता. मला चोरायची असती तर ओढ्याच्या उताराला दोन माणसं झाडीत बसवली असती. इथं, माझ्याच पहाऱ्यात, माझ्याच गळ्याला फास लागेल अशी चोरी मी करीन?"

"झोपलास कसा?"

"अब्नेरनं बाटली काढली. मी प्यायलो, तोही प्यायला. त्यानं थोडी कमी घेतली असेल."

अब्नेर रडल गिरणीच्या भिंतीला टेकून बसला होता. धिप्पाड गडी, कातडी कमावण्याचा धंदा. हात कोपरापर्यंत ओकच्या सालीनं कायमचे तपकिरी झालेले. हॉकरची बहीण टॅबिथा त्याची बायको, आणि हॉकरचा प्रचार करावा तर अब्नेरनं. महिनाभर त्याचा घसा बसला होता. आज त्याचे डोळे लालभडक होते.

"फाशी द्या त्याला, काका," तो एनॉककडे न बघताच म्हणाला.

"देऊ. आधी सांग, तुझा डोळा कसा लागला?"

"थकलो होतो. दुपारभर त्या अस्वलाच्या झाडाखाली कुत्री आवरत होतो. हात भरून आले होते. दोन घोट घेतले नि…" त्यानं तोंड फिरवलं. "माझ्या हातून घात झाला, काका."

एनॉकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर भिंतीवर त्या अस्वलाचं कातडं ताणून लावलं होतं. कुणीतरी घाईघाईत सोललेलं, ठिकठिकाणी सुरी आरपार गेलेली. जणू उंदरांनी कुरतडलं होतं.

घरी जाताना क्रूचं बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. गडी लबाड होता, पण बोलला ते खरं होतं. पेल्हॅमच्या माणसाला वही काउंटीच्या गावाला पोचू द्यायची नव्हती असं म्हणावं, तर त्यासाठी तीस मैलांचं रान मोकळं होतं. ज्यानं ती गिरणीतच, पहाऱ्यातच उचलली, त्याला सकाळपर्यंत थांबायला सवड नव्हती. वही गावाला जाण्याची त्याला भीती नव्हतीच. मग सकाळी काय होणार होतं?

सकाळी ती मोठ्यानं वाचली जाणार होती.

एनॉक रस्त्यातच उभा राहिला. वहीत एक ओळ अशी होती जी कुणाला तरी पिजन लिकच्या कानांवर पडू द्यायची नव्हती.

३

गुरुवार दुपार आणि सगळा शुक्रवार एनॉक आणि म्हातारा मून घरोघर फिरले. शनिवारी शपथेवर काय सांगणार, ते प्रत्येकाकडून आधीच टिपून घ्यायचं होतं, म्हणजे ऐनवेळी घोटाळा नको. मून शुद्धीत होता, आणि शरमेनं कुणाच्या घरी थेंबही घेत नव्हता. पिजन लिकमध्ये याआधी असं झालं नव्हतं.

एनॉकची पंचाईत वेगळीच झाली. प्रत्येक घरी आग्रह, आणि प्रत्येक घरी अस्वल. झाडाखाली जो जो होता त्याला मांसाचा वाटा मिळालाच पाहिजे, मग तो तळहाताएवढा का असेना, ही शिकारीची रीत. ऑगस्टच्या उन्हात मांस टिकत नाही, म्हणून चुलीचुलीवर तेच शिजत होतं. उकडलेलं अस्वल, तळलेलं अस्वल, भोपळ्यात घातलेलं अस्वल. तापानं आधीच तोंडाला चव नाही, त्यात ही चरबी. पाचव्या घरी त्यानं पोट धरलं.

"अहो घ्या की, स्क्वायर," घरधनीण म्हणाली, "आमच्या ह्यांनी जिवावर उदार होऊन आणलंय. तसे हे झाडापासून चाळीस पावलांवर उभे होते म्हणा."

"चाळीस कुठली, तीस!" नवरा आतून ओरडला.

प्रत्येक जण अस्वलाची गोष्ट सांगायचा, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत बंदूक त्याचीच असायची.

शुक्रवारी दुपारी तो अब्नेरच्या घरी पोचला तेव्हा घामाघूम झाला होता. टॅबिथानं त्याला सावलीत बसवलं आणि ताटात मक्याची भाकरी आणि गार ताक आणून ठेवलं. एनॉकनं मनापासून तिचे आभार मानले. दोन दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी पोटात राहिलं.

"आणखी घ्या, काका. तुम्ही सुकून गेलात."

"या वयात आणखी काय होणार!"

"काही होत नाही. शनिवारी सगळं पार पडलं की मी गोड पोळे करणार आहे, जेरेडदादासाठी. तुम्ही यायचंच." ती हसली, आणि कुंपणापलीकडच्या सफरचंदाच्या झाडाकडे तिची नजर गेली. तिथे दोन छोट्या कबरी होत्या, एक चार वर्षांच्या मुलीची, एक जेमतेम बाळसं धरलेल्या मुलाची. "घर गेलं तर बांधता येतं दुसरं. ह्यांना कुठं घेऊन जाणार मी? आम्हा बायकांना मत नाही, काका. असतं तर मी दोनदा दिलं असतं!"

अब्नेर मागून आला. त्यानं मत सांगितलं, "हॉकर," आणि कातडी भिजवायच्या कुंडांकडे काम आहे म्हणून निघून गेला.

संध्याकाळ व्हायच्या आत एनॉक आणि मून गिरणीत बसले आणि दोघांचे कागद जोडले. मूननं मोजलं, मग एनॉकनं मोजलं, मग पुन्हा मूननं.

एकूण एकशे चौऱ्याहत्तर. बरोबर.

हॉकर एकोणनव्वद. पेल्हॅम पंच्याऐंशी.

"एक जास्त झालं की आपलं!" मून खुशीत म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

४

जो खोटं बोलला, त्यानंच वही चोरली. यात एनॉकला तिळमात्र शंका उरली नव्हती. मत पेल्हॅमला दिलं, आणि तोंडानं हॉकर सांगतोय, असा एक जण या गावात होता. वही वाचली असती तर तो उघडा पडला असता.

पण तीन दिवस गिरणी माणसांनी गच्च भरलेली. तिथे पेल्हॅमचं नाव घेतलं असतं तर शंभर कानांनी ऐकलं असतं. कुणी ऐकलं नाही अशी वेळ एकच, अस्वलाची. आणि त्या वेळात एकच माणूस आला होता. लेखनिक म्हणाला होता, आभारबिभार झाले. मत मिळालेला उमेदवार उठून आभार मानतो. हॉकर तर अस्वलावर नेम धरून उभा होता. मग खोलीत उठून आभार मानायला होता कोण?

पेल्हॅम. म्हणूनच त्यानं काल आपण होऊन कायदा सांगितला होता. चोर कोण हे त्यानं तेव्हाच ताडलं होतं, आणि त्या चोराला खरी शपथ घेता येणार नाही हेही. उपाय म्हणून त्यानं पुढे केला तो सापळा होता.

उरला एवढाच प्रश्न, की अस्वलाच्या झाडाखाली कोण नव्हतं. साठ माणसं वर तोंड करून उभी असताना बाजूला कोण आहे हे कुणी बघत नाही. पण चूल खोटं बोलत नाही. दोन दिवसांत हॉकरच्या ज्या ज्या माणसानं एनॉकला अस्वलाची गोष्ट सांगितली, त्याच्या घरी अस्वल शिजत होतं. एक घर सोडून. तिथे एनॉकनं ताक-भाकरी खाल्ली होती, आणि वर आभार मानले होते.

आणि ते भोकं पडलेलं कातडं! कातडी कमावणारा माणूस दुपारभर त्या झाडाखाली उभा असता, तर त्यानं ते असं कुणाच्या हातून फाडू दिलं असतं?

अब्नेरचं लग्न त्यानंच लावलं होतं. त्या दोन कबरींवर प्रार्थना त्यानंच म्हटली होती.

ऊन अजून होतं. तो तडक ओढ्याकाठी गेला. अब्नेर सालीच्या पाण्यानं भरलेल्या कुंडाच्या काठावर नुसताच बसला होता.

"वही कुठाय, अब्नेर?"

अब्नेरनं वर बघितलं, आणि नाही म्हणायची तसदीसुद्धा घेतली नाही. त्यानं आकडीनं कुंडातून चरबी चोपडलेल्या कातड्यात गुंडाळलेलं एक बोचकं काढलं, गाठ सोडली. आत काळा चिखल होता. पान पानाला चिकटलेलं, आणि एकूण एक पान शाईसारखं काळं.

"एका सकाळपुरती लपवायची होती, काका," तो म्हणाला. "वाचन टळलं की रस्त्यात टाकून देणार होतो, कुणालातरी सापडली असती. चरबीचं कातडं आहे, पाणी आत जाणार नाही असं वाटलं. आणि शाईत हिराकस असते, लोखंडाचा खार. ती नि सालीचं पाणी एकत्र आलं की काळंच होतं. मी रोज त्यानंच कातडी काळी करतो. वीस वर्षं करतोय. माझ्या लक्षातच आलं नाही."

एनॉक त्याच्याशेजारी काठावर बसला.

"का रे?"

"पेल्हॅमनं कागद देऊ केला. माझी शंभर एकर, माझ्या नावावर, कंपनी जिंकली तरी. मत त्याच्यासमोर द्यायचं, तो स्वतःच्या कानांनी ऐकणार, बस." अब्नेर बोचक्याकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, जेरेडभाऊ वीस मतांनी येतोय. माझ्या एका मतानं काय होतंय? बाकी सगळे आहेतच की. भाऊ जिंकला तर सगळ्यांचं भलं, नाही जिंकला तर टॅबीची पोरं तरी तिच्या अंगणात राहतील. दोन्हीकडून मी सुटतो असं वाटलं, काका."

"मग आता नीट ऐक." एनॉकनं त्याचे दोन्ही दंड धरले. "अजून काही गेलेलं नाही. उद्या तू उभा राहा आणि खरं सांग. 'पेल्हॅम.' एवढा एक शब्द. आकडा जुळला, जेरेड निवडून आला, त्रेचाळीस घरं वाचली. तुझंही."

"आणि मी?"

"तुझ्यावर थुंकतील. खोटं कशाला सांगू? पण आपल्या जमिनीवर उभे राहून थुंकतील."

"दुसरं कुणी माझ्याऐवजी…"

"त्याचाही विचार वाटेत येता येता करून झाला," एनॉक म्हणाला. "मी स्वतः खोटी शपथ घेऊन पेल्हॅमचं नाव घेतलं असतं. पण सोमवारी पहिलं मत माझं होतं, भर गर्दीत. पेल्हॅम पन्नास साक्षीदार उभे करील. सगळ्यांचं ऐकलंय, अब्नेर. एक तुझंच कुणी ऐकलेलं नाही. आणि तुझ्याबद्दल मी बोलून उपयोग नाही. माझ्याकडे काय आहे, ताक-भाकरी? ज्याचं मत त्यानंच सांगायचं."

अब्नेरनं बाहीनं तोंड पुसलं.

"सांगीन, काका."

"टॅबीला आधी सांग. आज, घरी गेल्या गेल्या. तिला लोकांत कळू देऊ नकोस. तिला कळलेलं असलं की तुला बाकी कुणाची भीती वाटणार नाही."

"सांगतो. तिची शपथ."

५

शनिवारी दुपारी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या टेबलाशी एनॉक आणि मून. उजवीकडे हॉकर, नवा सदरा घालून. डावीकडे पेल्हॅम, मांडीवर टोपी, टोपीत ती सही केलेली चिठ्ठी. बायका भिंतीकडेनं उभ्या होत्या. ओठाला पट्टी बांधलेला क्रू कोपऱ्यात एकटाच होता.

एकेक जण पुढे येत होता. नाव, शपथ, मत, सही नाहीतर फुली. ज्याला मत मिळालं तो उमेदवार उठून वाकायचा आणि नाव घेऊन आभार मानायचा. एनॉक लिहीत होता. काल टिपलेलं आणि आज सांगितलेलं ओळीला ओळ जुळत होतं. अब्नेर रांगेत बराच मागे होता. मान खाली, पण आला होता. एनॉकच्या मनात कितीतरी वर्षांनी देवाचं नाव आलं.

तेवढ्यात टॅबिथा आत आली. हातात फडक्यानं झाकलेली टोपली होती. वाटेतल्या बायकांना "सरका ग, सरका, गरम आहे," म्हणत ती थेट टेबलापर्यंत आली.

"काका, पोळे आणलेत. संपलं की खायचे. आमच्या ह्यांनी काल रात्री घास खाल्ला नाही, इतकं लावून घेतलंय त्यांनी त्या वहीचं." ती नवऱ्याकडे बघून खुदकन हसली.

तिच्या हसण्यावरून एनॉकला कळलं. अब्नेरनं तिला सांगितलं नव्हतं.

रांग सरकत होती. काय करावं? उठून ओरडावं? मतदान थांबवावं? पेल्हॅम त्याच्याकडे शांतपणे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर अधीरपणाही नव्हता.

अब्नेर टेबलापुढे आला. त्यानं बायबलवर हात ठेवला.

"अब्नेर रडल," एनॉक म्हणाला. त्यानं मुद्दाम लेखणी खाली ठेवली आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. "घाई नाही. नीट आठव. देवासमोर सांग, तू मत कुणाला दिलंस?"

अब्नेरनं तोंड उघडलं. पेल्हॅम खुर्चीत थोडा पुढे सरकला. आभार मानायला उठावं लागेल, असं क्षणभर त्यालाही वाटलं असावं. गिरणीत पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"सांगा की हो," टॅबिथा भिंतीकडून म्हणाली. "लाजताय काय नव्या नवरीसारखे!"

सगळी गिरणी हसली. अब्नेरनं तिच्याकडे पाहिलं. ती टोपली सावरत, मान वाकडी करून, त्याच्याकडेच बघत होती. आपल्या नवऱ्याकडे चारचौघांत बघावं तशी, अभिमानानं.

"हॉकर," अब्नेर म्हणाला. आणि मग कुणी विचारलं नसताना, आणखी मोठ्यानं, "जेरेड हॉकर!"

एकच आरडाओरडा झाला. कुणीतरी टोपी उडवली. हॉकर उठला, रीतीप्रमाणे वाकला, म्हणाला, "अब्नेर रडल, मी तुझा आभारी आहे," आणि रीत सोडून त्यानं मेहुण्याला घट्ट मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून अब्नेरचा चेहरा एनॉकला दिसत होता. तो रडत होता, आणि लोकांना वाटलं की आनंदानं रडतोय.

पेल्हॅमनं टोपीतली चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि टेबलाच्या कडेला, एनॉकच्या हाताशी हलकेच ठेवली. तिच्यावर आकडे होते: अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी.

एनॉकनं लेखणी उचलली. हॉकरच्या रकान्यात अब्नेरचं नाव लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. मूनचा हात टेबलाखाली त्याच्या गुडघ्याला लागला. आकडा आता जुळणार नाही, हे म्हाताऱ्यालाही कळलं होतं. टॅबिथा बायकांना सांगत होती की पोळे गार झाले तर चामट होतात, पण चालतंय, आज चालतंय.

रांगेत अजून एकतीस माणसं होती. एनॉकनं पुढच्याला नाव विचारलं.